ड्रिबल: लाळेऱ्यापासून कोर्टपर्यंत एकच क्रियापद

ठाण्यातून, घोडबंदर रोडवरून आलेला प्रश्न असा: मुलगी सहावीत आहे, सेमी-इंग्रजीत. सोसायटीच्या पोडियमवर संध्याकाळी बास्केटबॉल शिकते. शाळेने एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, उगम आणि वापर वहीत लिहून आणायला सांगितलं, म्हणून तिने रोज कानावर पडणारा ‘ड्रिबल’ हा शब्द घेतला. शब्दकोशात पहिलाच अर्थ निघाला ‘लाळ गळणे’. आता तिचं म्हणणं, सर रोज लाळ गाळायला सांगतात का? हे दोन वेगळे शब्द आहेत की एकच? मराठीत त्याला काय म्हणायचं? आणि सारखी ‘डबल, डबल’ म्हणून शिट्टी वाजते ती नेमकी कशाबद्दल?

ताई, शब्द एकच आहे. लाळ आणि चेंडू या एकाच खोडाच्या दोन फांद्या आहेत. ते खोड हाती लागलं की मुलीला अर्थ पाठ करावे लागणार नाहीत, आणि कोर्टवर तिचा हात कुठे चुकतोय हेही तिला त्याच शब्दातून उमगेल.

आधी खोड पाहू. इंग्रजीत ‘ड्रिप’ म्हणजे ठिबकणे. ठिबक सिंचनाला आपले शेतकरी सर्रास ‘ड्रिप’च म्हणतात, त्यामुळे हा शब्द आपल्याला नवा नाही. या ‘ड्रिप’चं एक जुनं भावंड होतं ‘ड्रिब’. सोळाव्या शतकात ते क्रियापद म्हणून चालत होतं, पुढे मागे पडलं. आज ते ‘ड्रिब्ज अँड ड्रॅब्ज’ या जोडशब्दात तेवढं उरलं आहे. एखाद्याकडून येणं असलेले पैसे एकरकमी न मिळता आज दोनशे, परवा शंभर, मग महिनाभराने पन्नास असे मिळतात, तेव्हा इंग्रज म्हणतो की पैसे ‘ड्रिब्ज अँड ड्रॅब्ज’मध्ये आले. या ‘ड्रिब’ला शेवटी ‘ल’ चिकटला आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ड्रिबल’ तयार झाला.

सगळी गंमत त्या ‘ल’मध्ये आहे, म्हणून इथे जरा थांबू. इंग्रजीत काही क्रियापदांच्या शेवटी लागणारा हा ‘ल’ सांगतो की क्रिया छोटी आहे आणि ती पुन्हा पुन्हा घडते आहे. ‘स्पार्क’ म्हणजे ठिणगी, ‘स्पार्कल’ म्हणजे चमचमणे. ‘क्रॅक’ म्हणजे तड् असा एक आवाज, ‘क्रॅकल’ म्हणजे तडतडणे. ‘प्रेट’ म्हणजे पोकळ बोलणे, ‘प्रॅटल’ म्हणजे बडबडणे. उजव्या बाजूचे मराठी शब्द नीट पाहा: चमचम, तडतड, बडबड. जे काम इंग्रजी ‘ल’ लावून करते, ते मराठी शब्द दोनदा म्हणून करते. आता ‘ड्रिप’ म्हणजे ठिबकणे असेल, तर ‘ड्रिबल’ म्हणजे काय? टपटपणे. एक थेंब, लगेच दुसरा, लगेच तिसरा. धार नाही आणि खंडही नाही. (प्रत्येक शेवटचा ‘ल’ असा नसतो हे मुलीला सांगून ठेवा. ‘टेबल’ आणि ‘बॉटल’मधल्या ‘ल’चा याच्याशी काही संबंध नाही.)

‘टपटप’ हा शब्द मी मुद्दाम निवडला. पागोळ्यांचं पाणी टपटपतं आणि कोर्टवर चेंडूही टप-टप-टप वाजतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘एक टप्पी आउट’ म्हणताना जो टप्पा आपण मोजतो, तोच इथे सलग चालतो. म्हणून ‘ड्रिबल’साठी मराठी शब्द हवाच असेल तर ‘टप्पे मारत चेंडू नेणे’ हा सर्वांत बरा. ‘चेंडू आपटणे’ असं लिहू नये. आपटण्यात जोर आणि राग येतो, ड्रिबलमध्ये दोन्ही नसतात. कोर्टवर मात्र सगळे ‘ड्रिबल कर’, ‘ड्रिबल मार’ असंच बोलतात आणि त्यात काही वावगं नाही.

आता फांद्या. पहिली फांदी पातळ पदार्थांची. थोडं थोडं गळणं, ओघळणं हा मूळ अर्थ. त्यातूनच सतराव्या शतकात लाळेचा अर्थ आला. दात येणाऱ्या बाळाच्या हनुवटीवरून लाळ ओघळते आणि आपण त्याला लाळेरं बांधतो, ते ओघळणं म्हणजे ‘ड्रिबल’. वॉशर झिजलेल्या नळाचं पाणीही ‘ड्रिबल’ होतं. लघवी संपल्यावरही थेंब येत राहण्याच्या तक्रारीला डॉक्टर हाच शब्द वापरतात. डिझेल इंजिनाचा मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर ‘ड्रिबल’ करतोय. म्हणजे डिझेलचा बारीक फवारा उडण्याऐवजी टोकाशी थेंब साचून गळतो आहे आणि म्हणून गाडी काळा धूर सोडते आहे. माणसांनाही तो लागतो: कार्यक्रमाला लोक एकदम न येता दोन-दोन, तीन-तीन करत आले, तर ते ‘ड्रिबल’ होत आत आले.

इथे शेजारच्या तीन शब्दांशी गल्लत होते. ‘ड्रूल’ म्हणजेही लाळ गळणे, पण तो ‘ड्रिव्हल’ या वेगळ्या जुन्या शब्दाच्या घराण्यातला आहे. ‘ड्रिव्हल’चा आजचा अर्थ निरर्थक बडबड. ‘ड्रिझल’ म्हणजे रिमझिम, त्याचं मूळ आणखी वेगळं. तिघांच्या सुरुवातीला ‘ड्रि’ किंवा ‘ड्रू’ आहे म्हणून शब्दकोशातली त्यांची माहिती ‘ड्रिबल’च्या नावावर उतरवू नये. वहीत ही चूक हमखास होते.

दुसरी फांदी खेळांची, आणि ती बास्केटबॉलच्या बरीच आधी फुटली. सोळाव्या-सतराव्या शतकात धनुर्विद्येत लक्ष्यापर्यंत न पोहोचणाऱ्या किंवा बाजूला घसरणाऱ्या दुबळ्या बाणाला ‘ड्रिबलिंग’ म्हणत. शेक्सपियरच्या एका नाटकात प्रेमाच्या बाणाला हे विशेषण लावलेलं आहे. तो अर्थ आता गेला. टिकला तो फुटबॉलचा. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हाच्या पहिल्या नियमांत चेंडूच्या पुढे असलेला सहकारी ऑफसाइड धरला जाई. म्हणजे पुढे पास देणं जवळजवळ अशक्य. मग चेंडू पुढे न्यायचा कसा? पायाने हलके हलके ढोसत, स्वतःच्या पावलाजवळ ठेवत. एक मोठी लाथ म्हणजे धार आणि छोटे छोटे स्पर्श म्हणजे थेंब, म्हणून ‘ड्रिबल’. हॉकीतही शब्द याच अर्थाने रुजला. ध्यानचंदांच्या खेळाबद्दल बोलताना जुनी मंडळी आधी ‘ड्रिबलिंग’च म्हणतात.

बास्केटबॉलमध्ये कारण अगदी उलटं होतं. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ सुरू केला. बाजूला नऊ-नऊ खेळाडू, पीच फळांच्या दोन टोपल्या आणि फुटबॉलचाच चेंडू. जानेवारी १८९२ मध्ये छापलेल्या तेरा नियमांत ‘ड्रिबल’ नावाची गोष्टच नाही. तिसरा नियम सांगतो की चेंडू घेऊन धावायचं नाही. जिथे पकडला तिथूनच टाकायचा. फुटबॉलमध्ये पुढे पास देता येत नव्हता म्हणून ड्रिबल आला, आणि इथे पळता येत नव्हतं म्हणून. चोहोबाजूंनी घेरलेला खेळाडू काय करणार? तो चेंडू जमिनीवर किंवा हवेत थोडासा टाकायचा आणि स्वतःच परत घ्यायचा, म्हणजे एका अर्थाने स्वतःलाच पास. नियमात बंदी नव्हती म्हणून ते चाललं. फुटबॉलमधला तयार शब्द याला आपोआप चिकटला.

पुढची काही दशकं नियम करणारी मंडळी या एका शब्दाशी झगडत होती. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या १९०१-०२ च्या नियमांनुसार ड्रिबल करणाऱ्याला स्वतः बास्केट करता येत नसे. १९०८-०९ मध्ये ती परवानगी मिळाली, आणि त्याच वेळी ड्रिबलची व्याख्या चेंडूचा ‘सलग’ प्रवास अशी झाली. सलग म्हणजे एकदा थांबला की संपला. आजच्या ‘डबल’च्या शिट्टीचा जन्म या एका विशेषणात आहे. १९२७ मध्ये तर नियम समितीने ड्रिबल एकाच टप्प्यापुरता ठेवायचा असा निर्णय घेतला होता. प्रशिक्षक खवळले, त्यातूनच त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि निर्णय मागे घ्यावा लागला. तो टिकला असता तर हा शब्दच खोटा ठरला असता. एकच थेंब पडला तर त्याला टपटप कोण म्हणेल?

वाक्यात वापरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला सांगा: कर्ता कोण? बास्केटबॉल, फुटबॉल, हॉकीत खेळाडू कर्ता आणि चेंडू कर्म, ‘शी ड्रिबल्ड द बॉल’. पातळ पदार्थाच्या अर्थात पाणी किंवा लाळ स्वतःच कर्ता, ‘वॉटर ड्रिबल्ड डाउन द वॉल’. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात चेंडू कर्ता होतो: बॅटची कड लागून चेंडू रडतखडत यष्ट्यांपाशी गेला तर ‘द बॉल ड्रिबल्ड ऑन टू द स्टम्प्स’. तिथे कोणी कौशल्य दाखवत नसतं, चेंडूचा जीवच तेवढा असतो. कर्ता ओळखला की मराठी अर्थ आपोआप बरोबर निवडला जातो. भूतकाळात आणि ‘इंग’ रूपात ‘बी’ दोनदाच राहतो, आणि ‘इंग’ लावताना शेवटचा ‘ई’ गळतो.

आता कोर्टवर येऊ. आज फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार, कोर्टवर खेळता चेंडू ताब्यात असलेला खेळाडू तो जमिनीवर टाकतो, टोलवतो, घरंगळवतो किंवा त्याचा टप्पा मारतो, तेव्हा ड्रिबल सुरू होतो. दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले, किंवा चेंडू एका वा दोन्ही हातांत विसावला, की तो संपतो. ‘विसावला’ हा शब्द कळीचा आहे. मुलं समजतात की दोन हातांनी धरला तरच ड्रिबल संपतो. नाही. तळहात चेंडूच्या खाली गेला आणि चेंडू क्षणभर तिथे टेकला, तरी ड्रिबल संपला. त्यानंतर पुन्हा टप्पा मारला की दुसरा ड्रिबल सुरू झाला, आणि तीच ‘डबल’ची शिट्टी. अशा वेळी कोच ‘कॅरी’ म्हणून ओरडतात. मुलांना हा वेगळा गुन्हा वाटतो, पण कारण तेच आहे: थेंबांची माळ तुटली.

दुसरा ड्रिबल कधी चालतो? तुम्ही बास्केटसाठी शॉट मारला आणि चेंडू परत तुमच्याच हाती आला; प्रतिस्पर्ध्याचा हात लागून चेंडूवरचा ताबा गेला; किंवा तुमचा पास अथवा हातातून निसटलेला चेंडू दुसऱ्या कुणाला लागला. या तिन्ही वेळी नव्याने सुरुवात करता येते. पास पकडताना चेंडू हातातून निसटला आणि एक टप्पा पडून पुन्हा मिळाला, तर तो टप्पा ड्रिबल धरत नाहीत, कारण तो जाणूनबुजून मारलेला नव्हता. त्यानंतर मुलगी आपला ड्रिबल निर्धास्त सुरू करू शकते. हे माहीत नसल्याने मुली अशा वेळी घाबरून चेंडू छातीशी कवटाळून उभ्या राहतात आणि प्रतिस्पर्धी अंगाशी असताना चेंडू सोडायला मिळणारे पाच सेकंद घालवून बसतात.

चेंडू हाताला लागलेला नसताना किती पावलं टाकायची यावर मर्यादा नाही. पण उभ्याने ड्रिबल सुरू करताना पिव्हटचा, म्हणजे जागेवर रोवून ठेवलेला, पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा. नवख्यांच्या निम्म्या ‘स्टेप्स’, म्हणजे चेंडू हातात घेऊन चालण्याच्या चुका, इथेच होतात: उजव्या हाताने निघायचं असतं, डावा पाय पिव्हट असतो, आणि तोच आधी उचलला जातो. उपाय सोपा आहे. दोन आठवडे फक्त ‘आधी चेंडू, मग पाय’ एवढंच, चालण्याच्या वेगाने. धावत पास घेतला तर २०१७ पासून फिबाच्या नियमात थोडी मोकळीक आहे. तिथे दुसरं पाऊल टेकण्याआधी चेंडू हातातून सोडायचा. हे सगळे दोष ‘व्हायोलेशन’मध्ये येतात. चेंडू समोरच्या संघाला मिळतो, पण खेळाडूच्या पाच फाउलांत काही जमा होत नाही. मुलीला सांगा, ‘डबल’ झाली म्हणून रडायचं कारण नाही.

एक टप्पा जवळून पाहू. चेंडू वर येतो. हाताची बोटं पसरलेली, मनगट सैल. बोटांच्या शेवटच्या पेरांची मऊ गादी आधी चेंडूला भेटते आणि हात त्याच्याबरोबर जरासा वर जातो, जणू त्याला उतरवून घेतो. मग कोपरातून खाली दाब आणि शेवटी मनगटाची झटक. तळहाताचा खोलगट भाग चेंडूला लागतच नाही. लागला तर आवाजावरून कळतं: बोटांचा ड्रिबल जवळजवळ मुका असतो, ऐकू येतो तो फक्त जमिनीचा टप. तळहाताने मारलं की वर ‘थप’ आणि खाली ‘टप’ असे दोन आवाज येतात. घरातून कोर्ट दिसत नसलं तरी खिडकीतून एवढं ऐकून तुम्ही चूक सांगू शकाल.

उंची महत्त्वाची. मोकळ्यात पळताना कमरेपर्यंत चालतो, समोर बचावपटू असेल तर गुडघ्याच्या खाली. कारण साधं आहे. एक मीटरवरून नुसता सोडलेला चेंडू जमिनीला लागायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, चाळीस सेंटीमीटरवरून सुमारे ०.२९. हाताने ढकलल्यावर दोन्ही वेळा कमी होतात, पण फरक राहतोच. चेंडू हातात नसण्याचा प्रत्येक क्षण समोरच्याचा असतो. टप्पा पावलांच्या समोर नको, पायाच्या बाहेरच्या बाजूला किंचित मागे हवा; नाहीतर चेंडू स्वतःच्याच बुटावर बसतो आणि साइडलाइनबाहेर जातो. रिकामा हात कोपरातून वाकवून आडवा ठेवायचा, पण त्याने ढकलायचं नाही, नाहीतर फाउल. नजर समोर. नजर वर राहत नसेल तर पुढे उभं राहून बोटं दाखवा आणि तिला मोजून आकडा सांगायला लावा. हा घरच्या घरी होणारा सर्वांत उपयोगी सराव आहे. रोज दहा मिनिटं पुरतात: चांगल्या हाताने पन्नास, कमजोर हाताने शंभर. समान विभागणी केली तर कमजोर हात कमजोरच राहतो.

चेंडू योग्य मापाचा नसेल तर हे सगळं वाया जातं. सहावीतल्या मुलीला पाच नंबरचा चेंडू द्या, घेर सुमारे ७० सेंटीमीटर आणि वजन पाचशे ग्रॅमच्या आत. सात नंबरचा साधारण सहाशे ग्रॅमचा असतो. भावाचा आहे म्हणून तो दिला की बोटं पुरत नाहीत आणि ती तळहातानेच मारू लागते. हवा तपासायची तर चेंडू तिच्या खांद्याच्या उंचीवरून नुसता सोडा. कमरेच्या आसपास परत आला तर ठीक. त्याहून खाली राहिला तर ती नकळत जोर लावेल आणि ड्रिबलचं आपटणं होईल. पंपाची सुई घालण्याआधी ओली करा, कोरडी सुई आतला व्हॉल्व्ह फाडते.

आपल्याकडची खरी अडचण जमिनीची आहे. पोडियमवर किंवा वाशी-नेरूळच्या सेक्टरांतल्या उघड्या सिमेंटच्या कोर्टवर लेदरचा किंवा कॉम्पोझिट चेंडू महिन्या-दोन महिन्यांत गुळगुळीत होतो. तिथे रबराचाच घ्या. पावसाळ्यात कोर्ट वरवर सुकलेलं दिसतं, पण खड्ड्यांत पाण्याचा पातळ थर आणि कडेला शेवाळ असतं. ओल्या जागी चेंडू टप्पा घेताना सरकतो, हाताकडे सरळ परत येत नाही, आणि त्याला पकडायला मुलगी कमरेतून झुकते. जून ते सप्टेंबर पार्किंगच्या कोरड्या फरशीवर जागच्या जागी ड्रिबल करा, गुडघ्याखाली, आवाज कमी. शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही आणि चेंडू खाली ठेवायची सवय आयती लागते.

वहीत इतकं लिहिलं तरी पुरे: ‘ड्रिबल, क्रियापद. ठिबकणे या अर्थाच्या ड्रिप शब्दाचे जुने रूप ड्रिब, त्याला वारंवारता दाखवणारा ल लागून बनलेला शब्द, सोळावे शतक. अर्थ एक: पातळ पदार्थ थेंबाथेंबाने गळणे, ओघळणे, लाळ गळणे. अर्थ दोन: चेंडू छोट्या, सलग स्पर्शांनी पुढे नेणे, आधी फुटबॉलमध्ये, मग बास्केटबॉलमध्ये. मराठीत: टपटपणे, टप्पे मारत चेंडू नेणे.’ खाली तिला स्वतःची दोन वाक्यं लिहू द्या, एकात कर्ता पाणी आणि दुसऱ्यात कर्ता ती स्वतः.